आईचा पडदा, दयाळ पक्षी आणि माझी बी.एस्सी.

भोकर तालुक्यातल्या निम्म्या सुनांना फार सुंदर भरतकाम येतं, असा त्यांच्या सासरच्या मंडळींचा समज आहे. तो चुकीचा आहे. ते सगळं माझ्या आईने केलेलं आहे.

त्याचं असं झालं. माझे वडील, आबा, धान्याच्या मोंढ्यात हमाली करायचे. ट्रकांची रांग लागली की घरात दोन वेळा चूल पेटायची, नाही लागली की एकदा. पत्र्याची एक खोली, उन्हाळ्यात अशी तापायची की आई म्हणायची, "भाकर भिंतीला थापली तरी भाजंल." शेवटी आईने सुई हातात घेतली. आमच्याकडे लग्नात नवरीच्या हातच्या वस्तू मांडवात मांडून ठेवतात. हे रुखवत. वरपक्षाने यावं, बघावं आणि 'पोरगी हुनरवाली हाय' म्हणून मान डोलवावी. आता सगळ्याच पोरींना काही सुई धरता येत नाही! मग त्यांच्या आया पदराखाली पिशवी लपवून आमच्या दारात उभ्या.

"अनुसया, दोन उश्या, एक टेबलक्लॉथ आन् एक सुस्वागतम पायजे बग. कुणाला बोलू नको."

आई कुणाला बोलायची नाही. पण प्रत्येक वस्तूवर एक चिठ्ठी लागायची आणि घरात अक्षर चांगलं फक्त माझं. 'कु. अमुक हिने स्वहस्ते केले.' चौथीत असल्यापासून मी ह्या चिठ्ठ्या लिहिल्या. म्हणजे वयाच्या नवव्या वर्षी मी लबाडीच्या धंद्यात उतरले आणि एकदाही पकडले गेले नाही!

त्याच सुईवर मी शिकले. नांदेडला राहून प्राणिशास्त्रात बी.एस्सी. झाले. आमच्या सगळ्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि ह्याचा मला अभिमान आहे. उगाच विनय दाखवण्यात अर्थ नाही. पुढे शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी लागली, नांदेडच्या कडेला दोन खोल्यांचं घर झालं, आईआबांना भोकरहून आणलं. दारावर पाटी लावली. पाटीवर माझं नाव बारीक आणि 'बी.एस्सी.' ठळक. पेंटर दोनदा विचारून गेला, "ताई, उलटं तर नाही ना झालं?"

घरापुढे जरा मोकळी जागा होती. आबांनी तिथे पेरू, शेवगा आणि जास्वंद लावली. झाडं वाढली तशी पाखरं आली. आणि जन्मात कधी रिकामी न बसलेली माझी आई सकाळचा चहा घेऊन पायरीवर बसून पाखरं बघायला लागली. नावं तिने तिचीच ठेवली. सातभाईंचा थवा म्हणजे 'तुझ्या थोरल्या आत्याचं खटलं', कारण सगळे मिळून येतात, सगळे मिळून भांडतात आणि कोण कशावरून भांडलं ते कुणालाच सांगता येत नाही. भारद्वाज म्हणजे 'मोंढ्यातला मुनीम', हात मागे बांधल्यासारखा चालतो म्हणून. मी तिला शास्त्रीय नावं सांगून बघितली. ती म्हणाली, "असू दे, त्यांच्या मायबापानं ठेवली असतील."

मग एक दिवस मी बातमी आणली. शहरात बायकांच्या हस्तकलेचं प्रदर्शन भरणार होतं.

आईने एकच प्रश्न विचारला. "नाव कुणाचं लावतेत?"

"जिने केलं तिचं."

"खरंच का?"

"हाव, खरंच."

संध्याकाळी बघते तर तिने ट्रंकेतून मोरपंखी रंगाचं कापड काढलं होतं, आणि आबांना चष्मा पुसायला बसवलं होतं. आठ महिने ती त्या पडद्यावर वाकून होती. त्यावर तिने आमच्या अंगणातली सगळी पाखरं भरली. आत्याचं खटलं भरलं, मुनीम भरला, जास्वंदीच्या लालभडक फुलात चोच घातलेला शिंजीर भरला, आणि मधोमध शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर येणारा पांढराशुभ्र बगळा. फुलांच्या पोटात आणि पानांच्या मधे बारीक आरसे. आरशाचा टाका ती लहानपणी खुरपायला जायची तेव्हा तांड्यावरच्या लमाण बायकांकडून शिकली होती. बावन्न आरसे! दिवा लावला की भिंतीवर चांदणं पडायचं.

"हे एक माझ्या नावानं लागू दे," ती म्हणायची. "मग बास."

प्रदर्शन रविवारी. वस्तू शनिवारी पाच वाजेपर्यंत जमा करायची. शुक्रवारी रात्री शेवटची गाठ पडली. इथपर्यंत सगळं व्यवस्थित होतं, कारण इथपर्यंत मी कशालाही हात लावला नव्हता.

शनिवारी सकाळी मला वाटलं, स्टेटसला फोटो टाकावा. आणि फोटो उजेडात चांगला येतो, हे कुणालाही कळतं. मी पडदा उचलला, पेरूखालच्या दोरीवर टाकला, चार चिमटे लावले, अकरा फोटो काढले आणि फोटोखाली काय लिहावं ह्याचा विचार करत चहा प्यायला आत गेले. विचार लांबला. पदवीधर माणसाचा लांबतोच.

बाहेरून आबांची हाक आली. "वंदे! तुझ्या मायच्या पडद्यावर कुणीतरी हल्ला करून राह्यलं!"

धावत गेले. आमच्या शेवग्याच्या ढोलीत एक दयाळ राहतो. काळाकुळकुळीत, पोट पांढरं, शेपटी सदा वर. दिसायला इतका गोड, गातो तर ऐकत राहावं. पण त्याच्या हद्दीत दुसरा नर दिसला की संपलं. आणि त्या सकाळी ह्या बिचाऱ्याला आपल्या हद्दीत एकदम बावन्न नर दिसले होते!

आता दुसरा कुणी असता तर घर सोडून गेला असता. हा गेला नाही. त्याने एकेकाला घ्यायला सुरुवात केली. वरच्या आरशावर चोच मारायचा, तिथून घसरायचा, खालच्याला लाथ घालायचा, फांदीवर जाऊन दम घ्यायचा, शेपटी ताणून शिव्या द्यायचा, परत यायचा. आणि ह्या धामधुमीत त्याच्या पोटाचा ताबा सुटलेला होता. पांढऱ्या बगळ्याच्या अंगावर त्याने मोठं काळंहिरवं प्रशस्तिपत्रक दिलं होतं.

"आई!" मी ओरडले. "तुझा पडदा!"

आई आली, कमरेवर हात ठेवून बघत राहिली आणि म्हणाली, "अय माय, किती दमला गं तो! आबा, वाटीत पाणी ठेवा त्याला."

आबांनी पाणी ठेवलं. तो पाणी प्यायला आणि ताज्या दमाने परत सुरू झाला!

मी पडदा ओढून घरात आणला आणि पलंगावर पसरला. तर हा खिडकीतून आत! त्याच्या दृष्टीने शत्रू माघार घेत होता. आबांनी पंखा बंद केला, मी केरसुणी घेतली, आई म्हणाली, "केरसुणी ठेव खाली, पाव्हणा हाय." कसाबसा बाहेर काढला. खिडक्या लावल्या. तेवढ्यात लाईट गेली. मे महिना, नांदेड, बंद खिडक्या. दहा मिनिटांत आम्ही तिघं घामाने निथळत एकमेकांकडे बघत होतो आणि तो बाहेरून काचेवर टकटक करत होता.

आणि इथे माझं शिक्षण जागं झालं.

"त्याला स्वतःचं प्रतिबिंब दिसतंय," मी म्हणाले. "प्रतिबिंब झाकलं की प्रश्न संपला."

"मग चादर टाक की वर," आबा म्हणाले.

चादर! इतका सोपा उपाय शास्त्राला शोभत नाही. मी टिकल्यांची पाकिटं काढली आणि बावन्न आरशांवर बावन्न टिकल्या चिकटवल्या. खिडकी उघडली. दयाळ आत आला, पलंगाच्या कठड्यावर बसला, पडद्याकडे बघितलं. शत्रू गायब! त्याने छाती फुगवली, एक लांबलचक तान घेतली आणि निघून गेला.

आबा भारावून म्हणाले, "डिगरी कामाला आली बग."

मी तिथेच थांबले असते तर आज ही आठवण फार लहान असती.

पण बगळ्यावरचा डाग राहिला होता. आई म्हणाली, "वाळू दे, मग नखानं खरडून काढते. पाणी नको लावू." हे म्हणून ती भाकरी टाकायला गेली. मी विचार केला, पक्ष्याच्या विष्ठेत युरिक आम्ल असतं. आम्लाला अल्कली मारते. घरात अल्कली कोणती? खायचा सोडा. कोमट पाण्यात सोडा कालवला, कापूस बुडवला आणि हलक्या हाताने बगळा पुसला. डाग गेला! शास्त्र जिंकलं! आनंदाच्या भरात मी शेजारची जास्वंदही जरा पुसली.

जास्वंदीचा लाल दोरा कच्च्या रंगाचा होता. तो आधी थोडा ओघळला, मग मोकळेपणाने ओघळला. मोरपंखी कापडावर काही दिसेना, पण बगळा मात्र पायापासून चोचीपर्यंत गुलाबी झाला.

आई पिठाच्या हाताने दारात उभी.

"हा बगळा नाही आई," माझ्या तोंडातून निघून गेलं, "हा रोहित. फ्लेमिंगो. उजनी धरणावर येतात की."

आई हसली नाही. रागवलीही नाही. रागवली असती तर बरं झालं असतं. ती पडद्याजवळ बसली, बगळ्यावरून बोट फिरवलं आणि हळूच म्हणाली, "राहू दे. पुढच्या साली बघू. आता डोळे पयल्यासारखे न्हाईत, पर होईल."

आठ महिने! मला तिथल्या तिथे जमिनीत जावंसं वाटलं. आबा उठून बाहेर गेले. मला वाटलं, त्यांनाही बघवलं नाही. पण ते कुंपणापाशी जाऊन शेजारच्या शकिलाखालांना हाक मारत होते. खाला साड्यांना फॉल-पिको करतात. त्यांच्या हाताइतकी जीभही चालते.

खाला आल्या, पडदा बघितला, माझ्याकडे बघितलं. "ये तूच केलं ना? मेरेकू मालूम होता. जास्त शिकलेल्या पोरीला कपड्याच्या जवळ सोडायचंच नाही." मग आईकडे वळून, "और तू काय बसली गे अनुसया, मय्यत झाल्यासारखी? पुढच्या साली, पुढच्या साली! पुढच्या साली मैं नहीं, तू नहीं, ये पोरगी फक्त असंल! उठ. कितने बजे?"

"साडेअकरा," आबा म्हणाले.

"बहोत टाइम है. सफेद दोरा?"

"थोडाच उरला," आई म्हणाली.

"काळा?"

"काळा लई हाय."

खिडकीत टक् असा आवाज झाला. दयाळ गजावर येऊन बसला होता. काळाकुळकुळीत, पोटापुरता पांढरा. आईने त्याच्याकडे बघितलं. खालांनी आईकडे बघितलं.

"ह्याचंच घर हाय," आई म्हणाली, "मधी ह्यालाच बसवते."

मग दोघी पडद्याच्या दोन बाजूंना बसल्या. बगळ्याची अर्धी मान उसवली, उरलेली मान शेपटी झाली, जिथे पाय होते तिथे फांदी आली, गुलाबी अंगावर काळे टाके पडत गेले. खऱ्या दयाळाला खिडकीत थांबवून ठेवण्यासाठी आबा अळ्या शोधत अंगणात फिरत होते. मला काम दिलं होतं: कशालाही हात न लावणे. मी ते चोख केलं. चार वाजून पाच मिनिटांनी खालांनी दातांनी दोरा तोडला. पडद्याच्या मधोमध दयाळ बसला होता, शेपटी वर, चोच उघडी, इतका भांडकुदळ की मला वाटलं आता माझ्यावरच येतो. बगळ्याहून शंभर पटीने जिवंत!

"जा, पळ!" खाला म्हणाल्या. "और रिक्षात कुछ सुधारना नक्को!"

रिक्षात मी फक्त टिकल्या काढल्या. तेवढं तर करावंच लागणार होतं. वाऱ्यात टिकली टाकता येईना म्हणून एकेक मनगटावर चिकटवत गेले, मनगट भरल्यावर दंडावर, दंड भरल्यावर गळ्यावर. पाचला दहा मिनिटं कमी असताना गोवर आल्यासारखी मी जमा करण्याच्या टेबलापुढे उभी राहिले. तिथल्या मॅडम जरा मागे सरकल्या आणि लांबूनच फॉर्म पुढे केला.

फॉर्म! फॉर्म भरणं हा माझा हातखंडा. शाळेपासून भरत आले. पहिली ओळ: नाव. भरलं. दुसरी ओळ: शिक्षण. ती तर मी ठळक भरली आणि खाली रेघ ओढली. सही केली, पडदा दिला, पावती घेतली. मुलांना मी वर्षभर ओरडत असते, 'आधी प्रश्न वाचा, मग लिहा!'

रविवारी आई इरकल नेसली. आबांनी टोपीला इस्त्री केली. खाला अत्तर लावून आल्या. हॉलमध्ये शिरल्याबरोबर समोरच्या भिंतीवर आमचा पडदा! दिवे नेमके असे लावलेले की बावन्न आरसे छतावर नाचत होते. बायका थांबून थांबून बघत होत्या. "दयाळ बघा हो, आत्ता बोलंल!"

आई पडद्याकडे गेलीच नाही. ती सरळ खालच्या कार्डाकडे गेली. तिला जोडून जोडून वाचता येतं. ती वाकली, बोट ठेवलं.

"कु... वं... द... ना..." मग जरा थांबून, "बी... एस... सी."



आईने चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. कार्ड तेच. मग माझ्याकडे वळून अगदी शांतपणे म्हणाली, "हाव बाई. म्हंजी शेवटी तुझंबी रुखवत मीच केलं."

आबा छताकडे बघायला लागले. खालांनी मला असा चिमटा काढला की तो आठवडाभर निळा होता. मी त्या टेबलाकडे पळणार, तोच माईकवर आवाज आला: "आता प्रात्यक्षिक! हा अप्रतिम पडदा करणाऱ्या कुमारी वंदनाताई आपल्याला आरशाचा टाका करून दाखवतील. टाळ्या!"

टाळ्या झाल्या. मी आईकडे बघितलं.

"जा की," आई म्हणाली. "नाव तुझं हाय."

मी गेले. खरं सांगते, मला वाटलं, टाकाच आहे, सुई वरून खाली, खालून वर, त्यात काय? लाकडी रिंग हातात घेतली, बायका वाकून बघायला लागल्या. सुई आत घातली, बाहेर काढली, आत घातली, बाहेर काढली. मग दाखवायला रिंग वर उचलली तर तिच्याबरोबर माझी ओढणीही वर आली! मी आरसा सोडून बाकी सगळं शिवलं होतं. एक आजी माझी कीव येऊन म्हणाली, "घाबरली असंल पोर."

ओढणीला लटकलेली रिंग घेऊन मी माईकपाशी गेले.

"मला टाका येत नाही," मी म्हणाले. "कधीच आला नाही. हे माझ्या आईने केलंय. फॉर्मवर माझं नाव मी लिहिलं, कारण मी प्रश्न वाचला नाही. तिने आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरींच्या नावाने भरलं आणि त्या चिठ्ठ्याही मीच लिहायचे. आई, ये ना गं."

आई जागची हलेना. खालांनी पाठीत हात घालून तिला पुढे ढकललं, "चल गे, शरमाते काय!" आई खुर्चीवर बसली. आधी तिने माझी ओढणी सोडवली (त्याला बराच वेळ लागला, बायका हसत होत्या, तीही हसायला लागली), मग आरसा घेतला, आणि एका दमात त्याच्याभोवती असा टाका फिरवला की मघाचीच आजी म्हणाली, "आता कळलं!"

मॅडमनी नवं कार्ड दिलं. मी पेन उघडलं आणि ह्या वेळी आईला विचारलं, "काय लिहू?"

"अनुसया लिही."

"आडनाव?"

"आडनाव साऱ्या भाऊबंदांचं हाय. सुई माझी हाय."

मी तेवढंच लिहिलं. आईने ते अक्षर अक्षर तपासलं, मग स्वतःच्या हाताने पिनने लावलं, आणि बंद होईपर्यंत कार्डाशेजारून हलली नाही. पडद्याबद्दल कुणी विचारलं की ती आधी कार्डावर बोट ठेवायची.

आज आमच्या ओसरीत आई भरतकामाचा वर्ग चालवते. अकरा पोरी येतात, दोन तर लातूरहून सुट्टीत येऊन राहतात. पाटीवर फक्त आईचं नाव आहे. पोरींचे प्रदर्शनाचे फॉर्म भरायचं काम आईने विचार करून आबांकडे दिलं. आबा चौथी पास आहेत. अजून एकही चूक झालेली नाही.